सत्तावीस नंबरचा कागद

तो चुकून आला होता. निदान त्याचं म्हणणं तरी तसंच होतं.

गिरगावातल्या त्या इमारतीत खाली मंगल कार्यालय होतं आणि दुसऱ्या मजल्यावर साठ खुर्च्यांचं एक जुनं सभागृह. शनिवारी दुपारी तीन वाजता सभागृहाच्या दारात तो येऊन उभा राहिला. लाल कोट, खांद्यांवर सोनेरी झालर, हातात काळी लांबट पेटी.

"मुलाकडचे कुठे बसलेत?" त्याने विचारलं.

"कुठला मुलगा?" उर्वीने यादीतून मान वर न करता विचारलं.

"म्हणजे… नवरा मुलगा."

नम्रता फस्सकन हसली. नम्रता ही उर्वीची प्रयोगशाळेतली मैत्रीण; आज माणसं मोजून खुर्च्यांवर बसवायचं काम तिच्याकडे होतं आणि एक खुर्ची अजून रिकामी होती.

"लग्न खालच्या मजल्यावर," ती म्हणाली. "इथे प्रयोग आहे. संगीत ऐकायचं, काय वाटलं ते लिहायचं. शेवटी वडा आणि कॉफी. बसताय?"

त्याने घड्याळ पाहिलं. "वरात पाचला आहे. चटणी आहे ना वड्याबरोबर?"

"आहे."

"मग बसतो."

उर्वीने आता मान वर केली. "तुम्ही पाश्चात्त्य संगीत शिकलायत?"

"छे! बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो. वरातीत. नवरा घोड्यावरून उतरला की आमचं शास्त्र संपतं."

तिने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. लाल कोटातला माणूस, नेमकी एक खुर्ची रिकामी असताना, नेमक्या याच मजल्यावर चुकतो… तिला योगायोग आवडत नसत. पण साठ म्हणजे साठ. तिने सत्तावीस नंबरचा कागद त्याच्या हातात दिला. नाव लिहिलं — विनीत घाडी, घोडपदेव.

प्रयोग उर्वीचा स्वतःचा होता, पहिलाच. भौतिकशास्त्रात एम. एस्सी. करून ती ऐकण्याच्या अभ्यासाकडे वळली होती, आणि हा प्रयोग नीट पार पडला तर पीएच.डी.साठी तिचं नाव नोंदलं जाणार होतं. प्रश्न साधा होता. पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या, आता कुणाच्या फारशा लक्षात नसलेल्या एका जर्मन संगीतकाराने एक सिम्फनी लिहिली. तिच्या प्रत्येक भागाची गोष्ट त्याने कागदावर छापून श्रोत्यांना वाटली. पुढे म्हातारपणी तोच म्हणाला, गोष्ट छापू नका, सगळं सुरांतच आहे. खरंच आहे का? साठांपैकी तीस जणांना उर्वी गोष्ट वाचायला देणार होती, तीस जणांना नाही. तीन शनिवार, तीन भाग. गोष्ट सुरांत असते की कागदावर?

कागदावरच असते, असा तिचा पक्का संशय होता.

संध्याकाळी ठाकूरद्वारच्या घरी तिने गोष्ट न दिलेल्यांचे कागद वाचायला घेतले. 'समुद्र.' 'सकाळ झाल्यासारखं.' 'परीक्षेच्या आधी वाटतं तसं.' एका काकांनी नुसतंच 'भूक' लिहिलं होतं. मग सत्तावीस नंबर आला.

'खूप गर्दी आहे. जत्रा असावी. एक मुलगा एका मुलीच्या मागून चाललाय. हाक मारावीशी वाटते, मारत नाही. शेवटी तिला ते कळतं. ती हळू चालायला लागते.'

उर्वी उठून बसली. संगीतकाराची छापील गोष्ट तिला पाठ होती — जत्रेच्या गर्दीत तो तिच्या मागून चालतो, हाक मारायचं धाडस त्याला होत नाही, जत्रा संपते, ती दिसेनाशी होते.

जत्रा. मागून चालणं. न मारलेली हाक. तीनही गोष्टी निव्वळ ऐकून? शक्यताच नाही.

तिने त्याचं प्रत्येक वाक्य इंटरनेटवर शोधून पाहिलं. ही तिची जुनी सवय. एम. एस्सी.च्या पहिल्या वर्षी हितेंद्र नावाच्या एका सीनियरने तिला फार सुंदर ओळी पाठवल्या होत्या — चांदणं, श्वास वगैरे. एका रविवारी कंटाळा आला म्हणून तिने त्यातली एक ओळ शोधली, तर ती जशीच्या तशी चार संकेतस्थळांवर सापडली. तेव्हापासून काहीही सुंदर वाचलं की ती आधी शोधून बघे आणि मग, जमलंच तर, खूश होई.

सत्तावीस नंबरची वाक्यं कुठेच सापडली नाहीत. त्यामुळे संशय वाढलाच.

त्यांच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख कालिंदी मॅडमना मात्र तो कागद फार आवडला. "अगं, हा एकटा कागद घेऊन आपण परिषदेत जाऊ शकतो!" त्या म्हणाल्या. "पण शंकेला जागा नको हं. असेल तर बाद."

पुढच्या शनिवारी तो लवकर आला. आज चौकटीचा शर्ट, पेटी तीच.

"तुम्ही गोष्ट आधी कुठे वाचली होतीत?" उर्वीने थेट विचारलं.

"कुठली गोष्ट?"

"सिम्फनीची. तुम्ही लिहिलंत ते फारच… जवळ जातंय."

"मग बक्षीस द्यायचं सोडून उलटतपासणी?"

"उत्तर द्या."

"नाही वाचली," तो म्हणाला. पण म्हणताना त्याने पेटीची कडी उगाच उघडून पुन्हा लावली, आणि उर्वीने ते पाहिलं.

"मग जत्रा कशी कळली?"

"तो ढोल, आणि वर ती किरकिरी बासरी. गावच्या जत्रेत पोरं पिपाण्या वाजवतात ना, अगदी तशी."

"आणि मागून चालणं?"

"एक सूर जातो, त्याच्या मागून तोच सूर दुसरं कुणीतरी वाजवतं. जरा उशिरा. वरातीत पुढचा वाजवणारा आणि मागचा यांच्यात अंतर पडलं की असंच ऐकू येतं."

"तीस मीटर अंतर असेल तर जवळजवळ एक दशांश सेकंदाचा उशीर," उर्वी म्हणाली. तोंडातून निघून गेलं.

तो हसला. "एवढ्या उशिरात आमचा नवरा घोड्यावरून घसरतो."

तिला हसू आलं. तिने ते यादीत लपवलं.

"तुम्ही दिवसभर काय करता? वराती रोज नसतील."

"परळला हॉस्पिटलात ईसीजी काढतो. लोकांच्या हृदयाचे आलेख." त्याने तिच्या हाताकडे पाहिलं. "तुमचा काढायला हवा. मघापासून पेन टेबलावर वाजतंय. मिनिटाला एकशेदहा तरी."

"हे वाक्य आजवर किती जणींना ऐकवलं?"

"माझ्याकडे येतात त्यातल्या बहुतेक सत्तरीच्या पुढच्या. त्यांना असं बोललो तर आलेख बिघडतो."

प्रयोग संपला, वडे संपले, माणसं पांगली. तो जिन्यात थांबला होता.

"कोपऱ्यावर पीयूष चांगलं मिळतं म्हणे."

"मिळतं. पण प्रयोगात भाग घेणाऱ्यांबरोबर मी पीयूष पिऊ शकत नाही. चहाही नाही. नियम आहे."

"आणि चालायला? माझा बसस्टॉप ठाकूरद्वार नाक्यावर आहे."

"बरोबर चालायलाही नाही."

"मग किती अंतर चालेल? शास्त्रीय सांगा."

"दहा पावलं," ती म्हणाली. थट्टेत म्हणाली होती. पण तो खरंच दहा पावलं मोजून मागे राहिला. उर्वी पुढे निघाली. फुलवाल्यांच्या टोपल्यांतून मोगऱ्याचा वास येत होता, मरीन लाइन्सकडून खारट वारा. मागे वळायचं नाही असं तिने ठरवलं होतं. मागून पेटीच्या सैल कडीचा आवाज येत होता… टिक्… टिक्… नाक्यावर पोचल्यावर तो दुरूनच हात करून बसच्या रांगेत गेला.

घरी आल्यावर तिने घड्याळ पाहिलं. सात मिनिटांच्या रस्त्याला तिला बारा मिनिटं लागली होती. रस्त्यात गर्दी होती, असं कारण तिने स्वतःला दिलं. ते तिला फारसं पटलं नाही.

तिसऱ्या शनिवारी सकाळी ती सगळे कागद फाईलला लावत होती. पंच मारताना पहिल्या शनिवारचा सत्तावीस नंबरचा कागद उलटा पडला.

मागच्या बाजूला, वाकड्या छापलेल्या ओळींत, गोष्ट होती. जत्रा, गर्दी, ती न मारलेली हाक, ते दिसेनासं होणं — अख्खी गोष्ट.

"आप्पा!" ती ओरडली.

आप्पा, म्हणजे तिचे वडील, बँकेतून निवृत्त झालेले. आयुष्यभर त्यांनी एका बाजूने कोरा असलेला कागद टाकून दिला नव्हता. असे पाठकोरे कागद ते सुतळीने बांधून कपाटात ठेवत आणि प्रिंटर रिकामा दिसला की त्यात घालत.

"त्या दिवशी सकाळी तूच म्हणालीस ना, फॉर्म कमी पडतायत, घरीच दहा काढते," आप्पा म्हणाले. "मी कागद घातले. सोसायटीच्या नोटिसा होत्या बहुतेक."

नऊ नोटिसाच होत्या. नोटिसांच्या पाठीवर छापलंय हे उर्वीलाही माहीत होतं. त्यात बिघडलं काय, असं तिला वाटलं होतं. पण दहावा कागद तिचाच होता. आदल्या रात्री वाकडा छापला गेला म्हणून तिने टोपलीत टाकलेला आणि आप्पांनी टोपलीतून वाचवलेला.

म्हणजे त्या दुपारी गोष्ट त्याच्या हातात होती. आणि विचारल्यावर तो 'नाही' म्हणाला होता.

चांदणं, श्वास वगैरे… पुन्हा तेच.

दुपारी तिने त्याला जिन्यातच गाठलं आणि कागद उलटा करून समोर धरला. त्याने पेटी पायरीवर ठेवली. आज विनोद नव्हता.

"वाचलं होतंत."

"हो."

"नाही म्हणालात."

"लिहून झाल्यावर वाचलं. परत देताना कागद उलटला, तेव्हा दिसलं. अंगावर काटा आला. आणि लक्षात आलं, हे सांगितलं की माझा कागद बाद. कागद बाद तर पुढच्या शनिवारी मला कोण बोलावणार?"

"म्हणजे वड्यासाठी खोटं बोललात?"

"वडा बरा होता," तो हळूच म्हणाला. "पण वड्यासाठी नाही."

"लिहून झाल्यावरच वाचलं, हे खरं कशावरून?"

त्याने मान हलवली. "कशावरूनच नाही. मी फक्त सांगू शकतो. तपासणं तुमचं काम."

त्या दिवशी त्याने तिसरा भाग ऐकला, कागद कोरा ठेवला, वडा न खाता निघून गेला. नम्रता म्हणाली, "बिचारा! किती बोललीस त्याला?"

"पुरेसं," उर्वी म्हणाली. त्या दिवशी घरापर्यंत सात मिनिटं लागली. बरोब्बर सात.

पण तपासणं तिचं काम होतं, आणि काम अर्धवट सोडणं तिला जमत नसे.

संध्याकाळी तिने दोन्ही बाजू पुन्हा वाचल्या. पुढची, मग मागची, मग पुन्हा पुढची. छापील गोष्टीत ती दिसेनाशी होते. विनीतच्या कागदावर ती हळू चालायला लागते. नक्कल करणारा माणूस सगळं उचलेल आणि शेवट बदलेल कशासाठी?

तिने सिम्फनीची स्वरलिपी उघडली. पहिल्या भागाचं शेवटचं पान. स्वरलिपी तिला आलेखासारखी वाचता येत असे. पुढची सुरावट आणि मागून येणारी तीच सुरावट. शेवटाकडे पुढचीचे सूर लांबत जातात, प्रत्येक सूर आधीच्यापेक्षा जरा जास्त. सगळं संगीतच संथ होत असेल, असं तिला आधी वाटलं. पण मागची सुरावट होती त्याच वेगात चालली होती. फक्त पुढची हळू झाली होती. दोघांमधलं अंतर चार मात्रांचं तीन, तीनचं दोन… आणि मग शांतता.

पावणेदोनशे वर्षं हे त्या पानावर होतं, आणि लिहिणाऱ्यानेही ते आपल्या गोष्टीत सांगितलं नव्हतं.

पण सूर लांबले म्हणजे 'तिला कळलं', हे त्याने कुठून आणलं?

रविवारी सकाळी उर्वी घोडपदेवला पोचली. न कळवता, कळवलं असतं तर तपासणी कसली? पत्ता विचारावा लागला नाही. चाळींच्या मधल्या मोकळ्या जागेत बँडची तालीम चालू होती, लाल कोटांशिवाय. बनियनवर, लुंगीवर, एक जण दाढी अर्धी करून आलेला. विनीत सगळ्यात मागे होता आणि त्याची तिच्याकडे पाठ होती.

कट्ट्यावर एक म्हातारा ताल धरून बसला होता. बँडचा मालक आणि विनीतचा चुलता, धोंडूकाका.

"कोणाक बघतंस गो?"

"मला एक विचारायचं होतं," उर्वी म्हणाली. "वरात वळणावर आली, पुढचे वळले, मागचे अजून मागच्याच रस्त्यावर आहेत, तेव्हा काय करतात?"

म्हाताऱ्याने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पोलिसातली काय गो तू?"

"नाही. विज्ञानातली."

"ता बरा." तो खूश झाला. "बघ. वळण इला की मागचो सूर पुढच्याक उशिरान पोचता. मगे पुढच्यान काय करूचा? मागे वळान बघूचा नाय. हाक मारूची नाय. पावला आखूड करूची आणि सूर लांब. मागच्याक आपसूक कळता, पुढचो आपल्यासाठी थांबलोहा."

"आणि हे… सगळ्यांना माहीत असतं?"

"पयलो धडो तो! ह्या विनीताक सात वर्षांचो असताना शिकवलंय."

तेवढ्यात बँड चाळीच्या कोपऱ्याला वळायला लागला. पुढच्या क्लॅरिनेटवाल्याची पावलं आखूड झाली, सूर लांबला, आणि मागून विनीत त्याच्या सुराला येऊन मिळाला. वळताना त्याला ती दिसली. त्याचा एक सूर साफ घसरला.

"मेल्या!" धोंडूकाका ओरडले.

तालीम थांबली. विनीत कपाळाचा घाम पुसत आला. "तुम्ही?"

"तपासायला आले होते."

"मग?"

"तुम्ही आधी वाचलं नव्हतं. मला पटलंय." तिने पिशवीतून कागद काढला. "छापील गोष्टीत ती हरवते. सुरांत ती हळू होते. तुम्ही सूर ऐकलेत."

त्याने मोठा श्वास सोडला. "म्हणजे मी पास?"

"नाही. बाद."

"काय?"

"कागदाच्या मागे गोष्ट होती. तुमची चूक नाही, माझी आहे — पण मला पटलं हा पुरावा होत नाही. मी मॅडमना काल रात्रीच कळवलं. सत्तावीस नंबर प्रयोगातून काढला."

"पण तुमचा तो सगळ्यात चांगला कागद होता ना? नम्रता म्हणत होती, परिषद वगैरे…"

"होता. आता एकोणतीस कागद आहेत. समुद्र, सकाळ, भूक. त्यांच्यावरच काय ते होईल."

त्याचा चेहरा पडला. खरंच पडला, त्यात तिला काहीच संशयास्पद दिसलं नाही, आणि ती बराच वेळ शोधत होती.

"सॉरी," तो म्हणाला. "मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं."

"हवं होतं. पुन्हा माझ्यापासून काही लपवलंत, तर मी शोधून काढीन. मला सवय आहे."

"पुन्हा म्हणजे?" त्याने सावधपणे विचारलं. "बाद झालो ना मी?"

"झालास," उर्वी म्हणाली. एकेरी कधी आलं ते तिलाही कळलं नाही. "प्रयोगातून बाद झालेल्या माणसाला नियम लागू नसतात."

त्याने हातातल्या क्लॅरिनेटच्या कळा तीनदा दाबल्या, काहीतरी मोजल्यासारख्या.

"म्हणजे… पीयूष?"

"घोडपदेवला मिळतं?"

"नाही. पण चहा मिळतो, कडक." त्याने घाईघाईने क्लॅरिनेट पेटीत टाकलं. "थांब, थांब हं… काका, मी आलोच!"

"ता दिसतासा!" धोंडूकाका म्हणाले, आणि अर्धी दाढीवाला इतक्या मोठ्याने हसला की गॅलरीतून दोन बायका डोकावल्या.

उर्वीचे कान तापले. ती थांबली नाही, गल्लीत निघाली. मागून पावलं आली आणि जरा अंतरावर रेंगाळली. जुनी सवय, किंवा भीती. टिक्… टिक्… पेटीची ती सैल कडी. सात-आठ पावलं असतील मध्ये. तो हाक मारणार नव्हता. तिला ते पाठमोरंच कळत होतं, जसं त्याला त्या दुपारी कुणी न सांगता कळलं होतं.

गल्ली कोपऱ्यावर वळत होती. उर्वी मागे वळली नाही. तिने पावलं आखूड केली.

टिक्… टिक्… सहा… चार… दोन…

"तुला माहीत होतं," तो बाजूला येऊन म्हणाला, जरा धापा टाकत.

"काय?"

"की मी मागे आहे."

"आजच नाही, दहा पावलं मागे होतास त्या शनिवारीही माहीत होतं," उर्वी म्हणाली. "सात मिनिटांच्या रस्त्याला बारा मिनिटं लावली होती मी. घड्याळ लावून मोजलीत."